वाट सह्याद्रीची, ताट कोकणचे : महाड-पोलादपूरमधील पायी सहल

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणाऱ्या प्रवाशाला महाड आणि पोलादपूर ही नावे नवीन नाहीत. महाडला चहा घ्यायचा, पोलादपूरला घाटापूर्वी थोडे थांबायचे आणि पुढचा रस्ता धरायचा, एवढाच बहुतेकांचा या दोन तालुक्यांशी संबंध येतो. रायगड पाहायला येणारे सकाळी येतात, रोपवेने गडावर जातात आणि संध्याकाळी परततात. महामार्गाच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या भिंतीपर्यंत पसरलेली गावे आणि वाड्या मात्र पाहायच्या राहून जातात.

या गावांची ओळख करून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पायी सहल. स्थानिक वाटाड्याला बरोबर घेऊन तीन-चार दिवस जुन्या पायवाटांनी फिरायचे, गावातल्याच घरी मुक्काम करायचा आणि त्या घरच्या चुलीवर जे शिजेल ते जेवायचे, असे या सहलीचे स्वरूप. युरोपातील ग्रामीण भागांत अशा सहली फार पूर्वीपासून होतात. आपल्याकडे हिमालयातील गावांतही त्या रुजल्या. सह्याद्रीत गडकोटांच्या भटकंतीची परंपरा मोठी असली, तरी 'गड सर करणे' आणि 'गावांतून चालणे' या दोन गोष्टींत फरक आहे. तो समजून घेतल्याशिवाय निघाले, तर अपेक्षाभंग होण्याची शक्यता अधिक. महाड-पोलादपूरच्या सहलीत वाट आणि ताट यांचा जवळचा संबंध आहे. ज्या उतारावरून आपण चालतो, त्याच उताराचे अन्न संध्याकाळी पानात पडते.

वाटांचा पूर्वेतिहास

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटजवळ समुद्राला मिळते. पूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आणि पडाव खाडीतून दासगाव-महाडपर्यंत येत. येथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून घाटमाथ्यावर जाई. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात. गूळ, मिरची आणि धान्य खाली येई. या व्यापारासाठी सह्याद्रीत ठिकठिकाणी घाटवाटा तयार झाल्या. वरंध, शेवत्या, मढे, उपांडे, गोप्या, ढवळे, पार ही त्यांतली काही नावे. वरंध घाटातून पुढे मोटाररस्ता झाला. पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरचा आंबेनळी घाटही त्याच प्रकारचा. बाकीच्या वाटा पायीच राहिल्या आणि आज भटक्यांच्या उपयोगी पडतात.

या वाटांच्या नाक्यांवर किल्ले उभे राहिले. जावळीच्या मोऱ्यांचा हा मुलूख शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये स्वराज्यात आणला आणि रायरीच्या डोंगराचा पुढे रायगड झाला. चंद्रगड, मंगळगड ऊर्फ कांगोरी, कावळ्या हे किल्ले याच घाटवाटांचे पहारेकरी. कांगोरीचा उपयोग पुढे तुरुंग म्हणूनही झाला. १८१७ च्या इंग्रज-मराठा युद्धात पकडलेल्या हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना प्रथम याच गडावर ठेवण्यात आले होते. एवढे लक्षात घेऊन चालले, म्हणजे पायवाटेवरची झिजलेली पायरी, कातळात खोदलेले पाण्याचे टाके किंवा खिंडीतली घुमटी यांचा अर्थ आपोआप उलगडू लागतो.

चार-पाच दिवसांची आखणी

अशा सहलीत दिवसाला दहा ते पंधरा किलोमीटर चालणे होते. विश्रांती, जेवण आणि पाहणे धरून सहा-सात तास लागतात. ज्याला रोज तासभर चालण्याची सवय आहे, त्याला सपाटीच्या आणि मध्यम चढाच्या वाटा जड जाऊ नयेत. घाटवाटा चढणे-उतरणे मात्र वेगळे. त्यांसाठी सराव लागतो.

पहिला दिवस महाड शहरासाठी ठेवावा. शहराच्या वेशीवर, महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. सुमारे तीस लेण्यांच्या या समूहातून गांधारी आणि सावित्री नद्यांचे खोरे एका दृष्टिक्षेपात दिसते आणि पुढच्या चार दिवसांचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो.

तेथून चवदार तळ्यावर यावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या पाण्यावरील हक्काचा न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या बाजूने लागला. गावोगावच्या घरी पाणी पिण्याच्या आणि पंगतीला बसण्याच्या सहलीचा आरंभ या तळ्यापासून होणे उचित आहे. आज आपण कोणाच्याही घरी सहज ओंजळ पुढे करतो, त्यामागे काय घडले, ते येथे कळते.

मुक्काम रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला करावा. महाडपासून पाचाड सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. राजमाता जिजाबाईंची समाधी येथेच आहे.

दुसरा दिवस रायगडाचा. समुद्रसपाटीपासून गडाची उंची सुमारे ८२० मीटर आणि पायऱ्या चौदाशेहून अधिक. रोपवे १९९६ पासून सुरू आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी संकोच न करता त्याचा उपयोग करावा. पायी जाणाऱ्यांनी मात्र उजाडताच निघावे. महादरवाजा, गंगासागर, राजसदर, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी, टकमक टोक हे सर्व नीट पाहण्यास पूर्ण दिवस लागतो. जुलै २०२५ मध्ये 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत रायगड आणि शेजारचा प्रतापगड हे दोन्ही आहेत. त्यामुळे गर्दी वाढणार, हे गृहीत धरून सुट्टीचे दिवस टाळलेले बरे. राज्याभिषेकाचा ६ जूनचा सोहळा आणि तिथीनुसार होणारा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा सोहळा यांचे महत्त्व वेगळे. निवांत चालण्याचे ते दिवस नव्हेत.

तिसऱ्या दिवसासाठी दोन पर्याय आहेत. पहिला रायगड प्रदक्षिणेचा. गडाच्या पायथ्याने, जंगल आणि वाड्यांमधून जाणारी ही वाट चौदा-पंधरा किलोमीटरची आहे. गडाचे कडे खालून पाहिल्यावर हा डोंगर राजधानीसाठी का निवडला, हे सांगावे लागत नाही. दुसरा पर्याय काळ नदीच्या खोऱ्याचा. वाळणकोंड येथे नदीच्या डोहातले देवमासे, म्हणजे महासीर, वरदायिनी देवीचे म्हणून राखले जातात. तेथे कोणी मासेमारी करीत नाही. कायद्याच्या पहाऱ्याशिवाय, केवळ श्रद्धेने राखलेले हे अभयारण्य आहे. येथून वाहनाने शिवथर घळीकडे जाता येते. समर्थ रामदासांनी येथे दासबोधाची रचना केली, अशी श्रद्धा आहे. समर्थवाङ्मयाचे अभ्यासक शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या घळीचा शोध लावला. पावसाळ्यात घळीसमोरचा धबधबा रौद्र रूप धारण करतो. भाविकांसाठी निवास आणि प्रसादाची सोय आहे.

चौथ्या दिवशी पोलादपूर तालुक्यात जावे. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसरे यांचे स्मारक उमरठ गावी आहे. तानाजींचे पार्थिव मढे घाटाने खाली आणले गेले आणि त्यावरूनच त्या घाटाला नाव पडले, असे या भागात सांगितले जाते. उमरठहून ढवळे गावी मुक्कामाला जावे. महाबळेश्वरचे पठार येथून थेट माथ्यावर दिसते.

वेळ आणि ताकद असेल, तर पाचवा दिवस चंद्रगडासाठी ठेवावा. ढवळे गावातून गडावर जाऊन येण्यास अर्धा दिवस पुरतो. ढवळे घाटाने भैरीच्या घुमटीवरून महाबळेश्वरच्या आर्थरसीटपर्यंत म्हणजे मढीमहालापर्यंत जाणारी वाट मात्र अनुभवी चालणाऱ्यांसाठीच आहे. पूर्ण दिवसाची ही चढाई घनदाट रानातून होते, वाटेत पाण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि चुकण्याच्या जागा पुष्कळ. वाटाड्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

ताटात काय असते?

कोकणचे जेवण म्हटले, की शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे सुरमई, पापलेट आणि सोलकढी येते. महाड-पोलादपूर समुद्रापासून आत आहे, हे येथे विसरून चालत नाही. या भागाचे जेवण भात, नाचणी, कडधान्ये, रानभाज्या आणि सुकी मासळी यांवर उभे आहे. खोऱ्यातल्या खाचरांत भात होतो. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी होते. भाताची कापणी झाली, की जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल, पावटा, कुळीथ पेरतात. वेगळे पाणी द्यावे लागत नाही. त्यामुळे ताटातल्या पदार्थांचा क्रम म्हणजे या जमिनीच्या वर्षाचाच क्रम असतो.

रोजच्या जेवणात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भात, एखादी भाजी, लसणीची किंवा सुकटीची चटणी आणि ताक एवढे अपेक्षित धरावे. तांदळाच्या पिठाची उकड काढून, ती मळून, हातावर थापलेली भाकरी तव्यावरून उतरताच खावी. थंड झाल्यावर तिची लज्जत जाते. वाटेवर नेण्यासाठी नाचणीची भाकरी बरी. ती दुपारपर्यंत मऊ राहते आणि पोटाला आधारही देते.

पहिल्या पावसाबरोबर रानभाज्या सुरू होतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली अशी त्यांची रांग लागते. शेवळे ही चवीची राणी. पण नीट शिजवली नाही तर घशाला खाज सुटते. म्हणूनच तिच्या जोडीला काकडाची आंबट फळे घालतात. हे ज्ञान घरातल्या बाईच्या हातात असते. वाटेवर दिसला म्हणून कोणताही पाला स्वतः तोडून खाऊ नये. पहिल्या पावसात ओढ्या-शेतांत चढणारे वळगणीचे मासे आणि खाचरांतले खेकडे हा त्या दिवसांतला मेवा. पुढे समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेले बोंबील, सुकट, सोडे कामाला येतात. निखाऱ्यावर भाजलेला बोंबील आणि भाकरी हे पावसातले जेवण एकदा घेऊन पाहावे.

श्रावणात बहुतेक घरांतून सामिष स्वयंपाक होत नाही. त्या महिन्यात अळूचे फदफदे, वालाचे बिरडे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या असे पदार्थ मिळतात. गौरी-गणपतीत मुंबईकर चाकरमान्यांनी घरे भरलेली असतात. त्या आठवड्यात पाहुणा म्हणून जाण्याचा आग्रह धरू नये.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की पोपटीचे दिवस येतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा आणि आवडीप्रमाणे अंडी, बटाटे किंवा मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडके पालथे घालायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. पोपटी हा रायगड जिल्ह्याचाच थाट. जानेवारी-फेब्रुवारीत गेल्यास यजमानांना आधी सांगून ठेवावे. उन्हाळ्यात कच्च्या फणसाची भाजी, करवंदे, जांभळे, आंबे आणि कोकमाचे सरबत.

शाकाहारी पाहुण्यांची अडचण होत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी किंवा एखादा पदार्थ बाधणाऱ्यांनी मात्र ठरवतानाच स्पष्ट सांगावे. गावात दुकान जवळ नसते आणि ऐनवेळी दुसरा पदार्थ करणे घरच्यांना जड जाते. गावठी कोंबडी हवी असेल, तर एक दिवस आधी कळवावे. वाटण पाट्यावर व्हायचे असेल आणि कोंबडी चुलीवर शिजायची असेल, तर दोन-अडीच तास लागणारच. ऑर्डर दिली आणि वीस मिनिटांत ताट आले, ही हॉटेलची सवय येथे सोडावी लागते.

मुक्काम कसा असतो?

बहुतेक ठिकाणी घरातली एक खोली किंवा पडवी पाहुण्यांना दिली जाते. सतरंजी, गादी, पांघरूण मिळते. आपली चादर आणि पातळ स्लीपिंग बॅग नेणे सोयीचे. स्वच्छतागृह अनेकदा घराबाहेर असते. पावसात वीज जाते आणि मोबाइलची रेंज डोंगराआड गेल्यावर भरवशाची नसते. घरी तसे आधीच सांगून निघावे.

पाण्याचा प्रश्न वेगळ्याने सांगायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यांतल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. उताराच्या जमिनीवर पाणी ठरत नाही. चार महिन्यांत ते नदीवाटे समुद्रात जाते. त्या दिवसांत यजमान घरातील बाई लांबून हंडा आणत असते. तिच्या घरी अंघोळीला दोन बादल्या मागणे शोभत नाही. उन्हाळ्यात या भागात जाणेच टाळावे, यामागे उन्हाच्या तलखीइतकेच हेही कारण आहे.

वाटाड्याची निवड

सहल चांगली होणार की नाही, हे वाटाड्यावर अवलंबून असते. मोबाइलवरचा नकाशा गाव दाखवतो. गुराखी वापरत असलेली वाट यंदा गवताने झाकली आहे की नाही, झरा आटला आहे का, ओढा दुपारी ओलांडता येईल का, हे तो सांगत नाही. ते गावातल्याच माणसाला ठाऊक असते. शहरातील संस्थेमार्फत जात असाल, तरी प्रत्येक टप्प्यावर त्या गावचा माणूस बरोबर असेल का, हे विचारून घ्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून, त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. घरगुती निवासासाठी न्याहारी-निवास योजना आहे, तर शेतावरील मुक्कामासाठी २०२० चे कृषी पर्यटन धोरण आहे. आयोजकाला पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. नोंदणी आहे का? गटात किती माणसे असतील? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे? पाऊस वाढल्यास पर्यायी कार्यक्रम काय? रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का? आठ-दहा जणांहून मोठा गट असेल, तर घरगुती जेवणाची अपेक्षा ठेवू नये. चाळीस माणसांचा स्वयंपाक एका चुलीवर होत नाही. तो केटररकडूनच येतो.

कधी जावे?

ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यानंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चालण्यास सर्वांत चांगला. आकाश स्वच्छ असते, झऱ्यांना पाणी असते आणि नवा तांदूळ घरात आलेला असतो. शिमग्याला गावोगावी पालख्या नाचतात आणि खालू बाजा वाजतो. तो सण पाहायचा असेल, तर उन्हाच्या आत चालणे आटोपावे. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरताना रानफुले असतात, पण निसरडे कायम असते.

पावसाचे भान

पावसाळ्यातला सह्याद्री सुंदर दिसतो, यात वाद नाही. या दोन तालुक्यांत मात्र पावसाचा विचार सौंदर्याच्या आधी सुरक्षिततेच्या अंगाने करावा लागतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून बळी गेले आणि महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस झाला होता. वर पडलेले ते पाणी काही तासांत सावित्रीच्या खोऱ्यात उतरते. त्यात खाडीला भरती असेल, तर पुराला वाट मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून अचानक पाण्याचे लोंढे वाहू लागले आणि पर्यटक अडकले. त्यानंतर गड काही काळ बंद ठेवावा लागला.

म्हणून जुलै आणि ऑगस्टमध्ये घाटवाटा वर्ज्य समजाव्यात. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल, तर निघूच नये. निघाल्यावर इशारा आला, तर गावातच थांबावे. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन एकाएकी वाढू लागले किंवा उतारावर नव्या भेगा दिसल्या, तर वाटाडी सांगेल त्या बाजूने तत्काळ दूर व्हावे. धबधब्यांवर आणि घाटरस्त्यांवर प्रशासनाचे बंदी आदेश निघतात. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीस बंद असतो. हे आदेश मोडून जाणाऱ्याला शोधण्यासाठी गावातील तरुणांनाच दोर घेऊन उतरावे लागते. आणखी एक विनंती. तळियेसारख्या गावी 'दरड कोठे कोसळली' ते पाहायला आणि छायाचित्रे काढायला जाऊ नये. तेथे माणसे राहतात आणि ती त्यांची स्मशानभूमी आहे.

आरोग्य

कोकणच्या दगडगोट्यांत फुरसे आणि लाल विंचू आढळतात. सकाळी बूट झटकून घालावेत, अंधारात विजेरीशिवाय फिरू नये, दगड उलथू नयेत आणि कपारीत हात घालू नये. विंचूदंशाच्या उपचारात महाडचे नाव जगभर पोहोचले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी येथेच रुग्णांवर उपचार करताना लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरते, हे १९८० च्या दशकात दाखवून दिले आणि दंशानंतरचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. दंश झाल्यास मांत्रिक, चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे हे प्रकार टाळून रुग्णाला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. रोजची औषधे, क्षारसंजीवनी, पट्ट्या आणि किमान दोन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे.

पैसा कोठे जातो?

या तालुक्यांतल्या घराघरांतून मुंबई-पुण्याला माणसे गेली आहेत. काही वाड्यांत वर्षातले दहा महिने म्हातारी माणसेच असतात. पडीक पडलेली वरकस जमीन आणि कुलूप लागलेली घरे वाटेवर जागोजागी दिसतात. नाचणी लावणारे हात उरले नाहीत, तर नाचणीची भाकरीही उरणार नाही. पायी सहलीचा पैसा थोडाच असतो. परंतु तो वाटाड्याला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि घरचे तांदूळ-कुळीथ विकणाऱ्या शेतकऱ्याला थेट मिळाला, तर एखादा तरुण गावात थांबण्याचा विचार करू शकतो. म्हणून शुल्क ठरवताना त्यातील किती वाटा गावात राहतो, हे विचारावे. सगळे पाहुणे एकाच मोठ्या घरी उतरतात, की बौद्धवाडी, आदिवासी वाडी, धनगरवाडा यांनाही त्यात स्थान आहे, हेही विचारावे. चवदार तळ्याच्या तालुक्यात हा प्रश्न अस्थानी ठरू नये. घासाघीस करण्यापूर्वी एका भाकरीमागचे सरपण, पाणी आणि दळण यांचा हिशेब मनाशी करावा. निघताना घरचे तांदूळ, कुळीथ, नाचणीचे पीठ, कोकम विकत घ्यावे. यजमानांना त्याचा खरा आनंद होतो.

जायचे कसे?

मुंबईहून महाड सुमारे १७५ किलोमीटर, तर महाडहून पोलादपूर वीसेक किलोमीटरवर आहे. दोन्ही ठिकाणी एसटीने थेट जाता येते. कोकण रेल्वेवरील वीर हे महाडला सोयीचे स्थानक. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे किंवा वरंध घाट सुरू असल्यास भोरमार्गे जाता येते. महाडहून पाचाडला आणि पोलादपूरहून आतल्या गावांना एसटी जाते. मात्र फेऱ्या मोजक्या असतात. शेवटच्या गाडीची वेळ आगारात विचारूनच कार्यक्रम ठरवावा.

सोबत काय न्यावे?

घट्ट पकडीचे, आधी वापरलेले बूट, टोपी, विजेरी, सुके कपडे, स्वतःचे ताट-पेला आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी पुरे. रोख पैसे बाळगावेत. भातखाचरांतून जाताना बांधावरूनच आणि एका रांगेत चालावे. बांध फुटला, तर शेतकऱ्याचे पाणी जाते. देवराईत काही तोडू नये. घरात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत, चुलीजवळ जाण्यापूर्वी विचारावे आणि पानात वाढलेले टाकू नये. जेवण झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना ते कसे झाले, हे आवर्जून सांगावे.